अण्णांना माफी मिळाली असेल, तर आईच्या कानाचं काय?

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

ताईंचं वय ३८, सासर लातूरकडं. वडील गेल्या वर्षी गेले. हयातभर दारू प्यायले, बायकोला मारलं. एकदा कानशिलात अशी बसली की आईचा डावा कान कायमचा गेला. शेवटची सहा वर्षं मात्र त्यांनी माळ घातली, दारू सोडली, पंढरीच्या दोन वाऱ्या केल्या. आईला 'चुकलं' असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. ते गेल्यावर घरात गरुडपुराण लावलं होतं. नरकांचं वर्णन ऐकताना ताईंना आतून बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. दहाव्याला गंगाखेडला गोदेच्या काठी तासभर कावळा शिवेना. भाऊ हात जोडून म्हणाला, "अण्णा, मायला काही कमी पडू देत नाही," तेव्हा शिवला. तेराव्याच्या प्रवचनात महाराजांनी अजामिळाची गोष्ट सांगितली आणि 'माळकरी होऊन गेले, सगळं धुऊन निघालं' असं म्हणाले. आई उजवा कान महाराजांकडं करून ऐकत होती, मान हलवत होती. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. कीर्तन ठरलंय, आणि ताईंनी वडिलांबद्दल चार शब्द बोलावेत असा भावाचा आग्रह आहे. आई म्हणते, "माझं मागल्या जन्मीचं भोगणं होतं ते, तू कामून मनात धरू लागलीस?" ताई विचारतात: देव न्यायी आहे की दयाळू? दयाळू असेल तर माझ्या आईचा हिशेब कोण ठेवतं? आणि मी बोलू की नको?

ताई,

तुम्ही प्रश्न देवाबद्दल विचारलेत. मी मात्र पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडले, आई उजवा कान पुढं करून ऐकत होती त्या ओळीवर. त्यामुळे माझं उत्तर देवापासून निघालं तरी फिरून त्या कानाशी येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पहिलं त्या 'बरं वाटण्या'चं. गरुडपुराण मीही लहानपणी ऐकलंय. परभणीला आमची आजी गेली तेव्हा ओसरीवर दहा दिवस पोथी लागली होती. मी असेन नऊ वर्षांची. यमाची वाट ८६,००० योजनं, वाटेत सोळा पुरं, रक्ता-पुवानं भरून वाहणारी वैतरणी. कुंभीपाक, म्हणजे उकळत्या तेलात टाकतात तो नरक, ऐकल्यावर पुढं कितीतरी दिवस आईनं भज्यांची कढई चुलीवर ठेवली की मी स्वयंपाकघरातून पळ काढायचे. लेकरांना भेवडवायलाच ही पोथी लिहिलीय, अशी माझी खात्री होती.

मोठेपणी पुन्हा वाचली तेव्हा तिच्यात श्रवण भेटले. यांच्याबद्दल प्रवचनात कुणी फारसं बोलत नाही. श्रवण म्हणजे ब्रह्मदेवाचे मुलगे. माणूस चारचौघांत काय करतो आणि दार लावून काय करतो, ते सगळं हे दुरून ऐकतात आणि चित्रगुप्ताच्या कानावर घालतात. त्यांच्या बायका श्रवणी. बायकांचं सगळं त्यांना ठाऊक असतं. आता तुमचं घर डोळ्यांपुढं आणा. दार लागल्यावर आत काय चाललंय हे सगळ्या गल्लीला ऐकू जात असणार, आणि 'नवरा-बायकोचं हाय' म्हणून कुणीच ऐकत नसणार. इतक्या वर्षांनी त्याच घराच्या ओसरीवर बसून कुणीतरी मोठ्या आवाजात वाचतं की ऐकणारं होतं, टिपून घेणारं होतं, आणि असल्या वागण्याला शिक्षा आहे. त्या घरात हे पाप होतं असं उघड म्हटलं गेलं ते बहुधा पहिल्यांदाच. बरं वाटलं ते यानं वाटलं असेल, असं मला वाटतं. आता त्यात थोडा सूडही असेल. असू द्या. आईचा मार बघत मोठ्या झालेल्या लेकीच्या मनात तेवढं यायचंच. त्याची लाज धरू नका, आणि पाप तर मुळीच समजू नका.

आपल्याकडं देवावर चिडायलाही बंदी नाही. गंगाखेडचीच आपली जनाबाई. 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' असं ती विठोबाला म्हणते, आणि शेवटी सही ठोकावी तसं सांगते, 'उभी राहूनि आंगणीं, शिव्या देत दासी जनी'. अंगणात उभी राहून, म्हणजे शेजारपाजारला ऐकू जाईल अशी. तो अभंग सातशे वर्षं गाथ्यात आहे, कुणी काढून टाकलेला नाही. तुम्ही तर नुसतं पत्र लिहिलंय.

आता न्यायी की दयाळू. तुमच्याकडच्या महाराजांनी हा प्रश्न फार लवकर मिटवला असं मला वाटतं, आणि तेही ज्या गोष्टीत तो सगळ्यात अवघड करून मांडलाय तीच गोष्ट सांगून.

भागवताचा पाचवा स्कंध संपतो तो नरकांच्या यादीवर. एकूण २८ नरक, कुठल्या गुन्ह्याला कुठला ते सांगून. आणि सहावा स्कंध उघडला की लगेच परीक्षिताचा प्रश्न: यातून माणसानं सुटावं कसं? शुकमुनी सांगतात, प्रायश्चित्त घ्यावं. परीक्षिताला ते पटत नाही. तो म्हणतो, माणूस प्रायश्चित्त घेतो आणि फिरून तेच करतो, हे तर कुंजरशौच झालं. म्हणजे हत्तीची आंघोळ. हत्ती नदीतून न्हाऊन वर येतो आणि सोंडेनं अंगावर माती उडवून घेतो. (श्रावणात सोडली, दसऱ्याला धरली, लेकराची शपथ घेऊन सोडली, पोळ्याला धरली, हे ज्या घरानं पाहिलंय त्याला हा शब्द फोडून सांगायची गरज नाही.) त्या बोलण्यातून पुढं अजामिळाची गोष्ट निघते.

सप्त्यात ती ठरलेल्या साच्यात सांगतात. पापी म्हातारा, दहा मुलं, धाकट्याचं नाव नारायण. मरताना भ्यायला, 'नारायणा' म्हणून पोराला हाक मारली, विष्णुदूत धावून आले, यमदूत हात हलवत परत गेले. विठ्ठलाचा गजर होतो आणि लोक जेवायला उठतात. भागवतात मात्र गोष्ट तिथं संपतच नाही. यमदूत गेले तरी अजामिळ मेलेला नसतो. तो भानावर येतो आणि स्वतःला दूषणं देऊ लागतो. स्वतःला 'कुलकज्जल' म्हणतो, कुळाला लागलेली काजळी. आणि त्याला आठवतं कोण? तरुण, साध्वी बायको, जिला टाकून तो गेला होता. मग म्हातारे आईबाप, ज्यांना याच्यावाचून कुणी नव्हतं. नंतर तो सगळं सोडून गंगाद्वाराला जातो, तिथं मन स्थिर करतो, आणि मग त्याचा देह पडतो. विमान येतं ते तेव्हा. कीर्तनात एवढा मोठा तुकडा गळतो, कारण बायकोच्या आठवणीनं रडणाऱ्या म्हाताऱ्यावर गजर करता येत नाही. आणि हेही सांगते, मला त्या गोष्टीतही एक गोष्ट खुपते. टाकलेल्या बायकोचं पुढं काय झालं, ते भागवत सांगत नाही.

ज्ञानोबांकडं या. गीतेच्या नवव्या अध्यायात 'अपि चेत्सुदुराचारो' आहे, माणूस कितीही दुराचारी असला तरी अनन्यभावानं भजू लागला तर त्याला साधूच मानावं. त्यावर ज्ञानेश्वरीत येतं, 'जैसा बुडाला महापूरीं । न मरतु निघाला'. पुरात बुडालेला माणूस जिवंत काठाला लागला, की त्याचं बुडणं वाया गेलं. ज्ञानोबांचं आपेगाव गोदेच्या काठावर आहे, आणि ही उपमा मला तरी पूर बघितलेल्या घरातली वाटते. दयेबद्दल याहून मोकळं बोलणं मी वाचलेलं नाही. पण दोनच ओव्या पुढं शब्द येतो, 'अनुतापतीर्थीं न्हाला'. पश्चात्तापाच्या तीर्थात न्हाऊन जो आला, त्याची ही गोष्ट आहे.

अण्णा त्या तीर्थात न्हाले होते का? मला माहीत नाही. महाराजांनाही ते माहीत असायचं कारण नाही. सहा वर्षं दारू सोडून राहणं ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी सोडवायचा प्रयत्न केलाय त्यांना विचारा. गळ्यात माळ घालून रोज संध्याकाळी बाजारातल्या त्या वळणावरून सरळ घरी यायचं, आणि तेही सहा वर्षं, यात काहीतरी खरं असल्याशिवाय ते होत नाही. तेवढं त्यांचं त्यांना द्या. पण त्याच सहा वर्षांत ज्या बाईच्या हातची भाकरी रोज खाल्ली, तिला दोन शब्द बोलायला जीभ उचलली नाही, हेही तितकंच खरं. पंढरी दूर होती तरी दोनदा पायी गेले. आई चुलीपाशी होती. आपल्याकडच्या पुरुषांना देवापुढं लोटांगण घालायला संकोच वाटत नाही, बायकोपुढं मान खाली घालायला मात्र जीव जातो. हा माझा अनुभव आहे, पोथीत नाही.

गीतेत स्वतः देवाच्याच तोंडी दोन्ही आहे. नवव्या अध्यायात तो म्हणतो, मी सगळ्यांना सारखा, मला कुणी नावडता नाही नि कुणी आवडता नाही. सोळाव्यात तोच म्हणतो, त्या क्रूर नराधमांना मी पुन्हा पुन्हा आसुरी योनीत टाकतो. मी उभी हयात शाळेत मराठी शिकवलं, वेदान्त नाही. हा गुंता सोडवायचा माझा वकूब नाही. पण सोळाव्या अध्यायातल्या त्या श्लोकांवर बोलताना ज्ञानोबा मधेच थांबतात आणि म्हणतात, 'हें सांगतां वाचा रडे । आठवितां मन खिरडे'. शिक्षा त्यांनी वगळली नाही, पातळही केली नाही. सांगताना वाचा रडली, एवढंच. त्यांच्या स्वतःच्या आईबापांना धर्मपीठानं देहान्त प्रायश्चित्त सांगितलं होतं अशी आपली परंपरा सांगते. निवाडा म्हणजे काय हे त्या लेकरांनी घरातच पाहिलं होतं. तरीही त्या माणसानं निवाडा नाकारला नाही, आणि तो करताना मिटक्याही मारल्या नाहीत. पसायदानातही बघा, 'खळांची व्यंकटी सांडो' आहे. दुष्टाचा वाकडेपणा जावो. झालं ते विसरा, असं तिथं कुठंच म्हटलेलं नाही. न्यायी की दयाळू याचं माझ्याकडं जे काही उत्तर आहे ते एवढंच.

पण ताई, तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे, ते मला जरा हलवून बघायचंय. देवानं अण्णांना माफ केलं असेल तर आईचा हिशेब मिटला, असं तुम्ही धरून चाललात. महाराजही तेच धरून बोलले. हे दोन हिशेब एक आहेत असं कुणी सांगितलं?

जालन्याला नोकरीत असताना आमच्या शेजारी एक मुस्लिम काकू होत्या, मुलांना कुराण शिकवायच्या. त्यांनी मला एक हदीस सांगितली होती. पैगंबरांनी लोकांना विचारलं, दिवाळखोर कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडं पैसा नाही, चीजवस्तू नाही तो. ते म्हणाले, माझ्या लोकांतला दिवाळखोर तो, जो कयामतीच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण त्यानं कुणाला शिवी दिलेली असेल, कुणाचं खाल्लेलं असेल, कुणाला मारलेलं असेल. मग त्याची पुण्याई त्या लोकांना वाटली जाईल, आणि ती संपली तर त्यांची पापं याच्या माथी येतील. काकू पुढं म्हणायच्या, अल्लाचा हक्क अल्ला माफ करील, बंद्याचा हक्क बंद्यालाच माफ करावा लागतो. हुकूकुल इबाद हा त्यांचा शब्द मी तेव्हापासून लक्षात ठेवलाय. धर्म वेगळा, पण तुमच्या आईच्या कानाची नोंद इतक्या स्पष्ट शब्दांत मी दुसरीकडं वाचलेली नाही.

आता लोक तुम्हाला पैठणचा दाखला देतील. नाथ गोदेवरून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकत राहिला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नान करत राहिले, १०८ वेळा म्हणतात. ती गोष्ट मला फार आवडते. पण थुंकी नाथांच्या अंगावर पडली होती आणि माफीही नाथांनीच दिली. दुसऱ्याच्या अंगावर थुंकलेलं आपण माफ करून टाकायचं, हे त्या गोष्टीत नाही. मांडवात बसून आईच्या वतीनं माफी देणाऱ्या महाराजांना हे कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हेच मी उलट बाजूनंही म्हणते. आईनं खरंच सोडून दिलं असेल, तर तो तिचा हक्क आहे, तिच्या वतीनं तुम्ही राग धरायलाच हवा असं नाही. आणि तिनं सोडलं म्हणून तुम्हीही सोडलंच पाहिजे असंही नाही. दाराआड उभी राहून ऐकणारी पोरगी तुम्ही होतात. तुमचं तुमच्याकडं स्वतंत्र येणं आहे.

राहिलं आईचं ते 'मागल्या जन्मीचं भोगणं'. इथं मला मांडव्य ऋषी आठवतात, महाभारताच्या आदिपर्वातले. चोरी न करता राजानं त्यांना सुळावर चढवलं. नंतर ते थेट यमधर्माकडं गेले आणि जाब विचारला, माझा गुन्हा काय? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत काड्या टोचल्या होत्यास. मांडव्य म्हणाले, एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? आणि त्यांनी धर्मालाच शाप दिला, तोच पुढं विदुर होऊन जन्मला. वर नेमही घालून दिला की चौदा वर्षांपर्यंतच्या लेकराला पाप लागणार नाही. सोसणाऱ्यानं न्यायाधीशाला जाब विचारला आणि न्यायाधीश चुकला असं ठरलं, ही गोष्ट आपल्याच ग्रंथात आहे. तेव्हा 'पूर्वजन्मीचं असेल' म्हणून गप्प बसायलाच हवं, असं आपली परंपरा म्हणत नाही.

पण कृपा करून हे मांडव्यपुराण आईपुढं मांडू नका. चाळीसेक वर्षं त्या बाईनं 'भोगणं आहे' या एका समजुतीचा टेकू लावून दिवस काढलेत. तिच्या मनाचं छप्पर त्यावर उभं असेल. तुम्हाला पटत नाही म्हणून तो टेकू काढू नका. तो निवाडा तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका, तेवढं पुरे.

आता पुढच्या महिन्याचं.

बोलायचं नसेल तर बोलू नका. "मला जमणार नाही" एवढं भावाला सांगा, कारण देत बसू नका. कारण दिलं की त्यावर वाद होतो. जायचं नाहीच असं ठरवलंत तरी काही बिघडत नाही, पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं की न गेल्याचं तुम्हालाच जास्त लागेल. बोलायचं ठरलंच, तर खोटं एक वाक्यही बोलू नका आणि मांडवात पंचनामाही करू नका. पंगतीला बसलेल्या दोनशे माणसांसमोर उघड केलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी तुमची राहत नाही, गावाची होते, आणि ती ऐकावी लागते आईला. खरं एवढं सांगता येईल: "अण्णांनी शेवटची सहा वर्षं दारू सोडली. त्याआधीची वर्षं आईनं हे घर सांभाळलं." दोन वाक्यं. कळायचं त्यांना कळेल. कीर्तनकार ठरले असतील तर भावामार्फत किंवा स्वतः फोन करून एवढं सांगून बघा की अजामिळ लावणार असाल तर बायकोसाठी रडला तो भागही सांगा. चांगला कीर्तनकार असेल तर त्याला ते आवडेल. नसेल तर नाही.

त्याआधी एकदा आईशी बोला. घर रिकामं असताना, भाकरी थापताना किंवा शेंगा फोडताना, हाताला काम असताना. 'तू माफ केलंस का' असं विचारू नका, त्याला ती ठरलेलं उत्तर देईल. "शेवटी अण्णा तुला काही म्हणाले व्हते का?" एवढं विचारा. कदाचित म्हणालेही असतील, तुम्हाला माहीत नसेल. कदाचित शब्दानं नसतील म्हणाले, दुसरं काही केलं असेल, आणि ते तिनं ओळखलं असेल. कदाचित काहीच नसेल. त्या वेळी तुम्ही फक्त ऐका. आणि भावाला शत्रू समजू नका. तोही त्याच घरात वाढलाय. त्यालाही कदाचित पट्टे बसले असतील, आणि बाप मोठा करून सांगितला की आपलं बालपण जरा बरं वाटतं, हे त्याच्या मनात असू शकतं.

भावाबद्दल आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कावळ्यापुढं त्यानं कबूल केलंय, मायला काही कमी पडू देत नाही. ते आता सातबाऱ्यावर आणा. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणं त्यांच्या नावच्या जमिनीत बायको, मुलगे आणि मुली सगळेच वारस आहेत, हिस्से सारखे. तलाठ्याकडं वारसनोंद झाली का, फेरफारात आईचं नाव लागलंय का, ते बघा. वडिलोपार्जित जमीन असेल तर हिशेब थोडा वेगळा बसतो, तालुक्याच्या वकिलाला एकदा कागद दाखवा. आणि श्राद्धाच्या गडबडीत, पाहुण्यांच्या समोर, 'सही कर गं माय' म्हणून हक्कसोडपत्र पुढं आलं, तर आईनं नाही आणि तुम्हीही त्या दिवशी सही करू नका. नंतर विचारपूर्वक सोडायचं असेल तर सोडा. ज्या घरात तिनं एवढं सोसलं त्या घराच्या कागदावर तिचं नाव असणं हा न्याय यमाच्या दरबाराची वाट बघत नाही, तहसिलात होतो.

अशाच मजकुराची आणखीही पत्रं येतात. त्यांतल्या काही बायकांचे नवरे जिवंत आहेत आणि हात अजून उठतोय. त्यांच्यासाठी वरचं काहीही लागू नाही. माफीचा विचार मार थांबल्यावर. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा त्याच घरात राहण्याचा हक्कही देतो, घर सोडूनच तक्रार करावी लागते असं नाही. आणि ज्या लेकींना जुनं आठवून झोप लागत नाही, छातीत धडधडतं, त्यांनी १४४१६ वर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करावा, मोफत आहे, मराठीत बोलतात. हे सदर वाचणाऱ्या माळकरी काकांमध्ये कुणी अण्णांसारखे असतील, तर त्यांना एवढंच म्हणते की वारीहून आल्यावर पाय धुवायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन या.

आणि तो कान. पत्रात कुठंच लिहिलं नाहीत की तो कधी दाखवला होता. थपडेनं बऱ्याचदा पडदा फाटतो, आणि फाटलेला पडदा कितीही जुना असला तरी काही वेळा शस्त्रक्रियेनं नीट होतो. नस गेली असेल तर तसं होणार नाही, पण यंत्रानं फरक पडू शकतो. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या विभागात आधी तपासणी करून घ्या. 'आता या वयात कामून' असं ती म्हणेल. म्हणू द्या, घेऊन जा. श्राद्धाच्या आधीच जमलं तर उत्तम. नाहीच जमलं, तर कीर्तनाला तिच्या उजव्या हाताला जागा धरून बसा, म्हणजे मधे काही हळूच बोलावंसं वाटलं तर तिला ऐकू जाईल.